पुढे काय झाले ते कळवावे

हे लिहिण्याआधी माफी मागायला हवी. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं दाखवावं असंही घरात कोणी नाही. मराठीच्या मॅडमनी वार्षिक अंकासाठी ‘मी पाहिलेला माणूस’ लिहून आणा म्हटलं, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी आजोबा किंवा शाळेतले गुरुजी निवडले. मला जो माणूस सुचला तो माझा कोणी लागत नव्हता. शिवाय त्यांचं माझ्या हातून एक नुकसान झालं आहे. ज्याचं नुकसान केलं त्याच्याबद्दलच लिहायला बसणं बरोबर आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांची परवानगी घेतलेली नाही, म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही. दवाखान्याचंही लिहीत नाही. दवाखाना मोठा आहे एवढं पुरे. इतका मोठा की आत आलेल्या माणसाला आपण कोणत्या दारानं आलो ते जाताना आठवत नाही.

पहिल्या वर्षाला नाव घालून मध्येच मी शिक्षण थांबवलं होतं आणि तिथे दीड वर्ष कंत्राटावर संगणकाचं काम केलं. कर्मचाऱ्यांच्या रजा, नेमणुका, बदल्या यांचे कागद ज्या शाखेत असतात तिथे, दुसऱ्या मजल्यावर मी बसायचो. ते तळमजल्यावर, खोली नंबर चौदामध्ये. ते ड्रेसर होते. जखमा धुणं, मलम लावणं, पट्टी बांधणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मीही भाऊच म्हणायचो. ते मला बाबू म्हणत, कारण माझ्यासमोर संगणक होता.

त्या दवाखान्यात कामावर खूश असलेला माणूस मी पाहिला नाही. सिस्टरांची तक्रार ड्युटीच्या यादीबद्दल असे. सफाई करणाऱ्या बायांची अंगठ्याच्या मशीनबद्दल. फिनाईलनं त्यांची बोटं झिजली होती, मशीन त्यांना ओळखत नसे, आणि फरशी पुसत असतानाच त्यांची गैरहजेरी लागे. शिकाऊ डॉक्टरांची तक्रार झोपेबद्दल होती. लिफ्टवाल्याची लिफ्टबद्दल. दुपारी डबे उघडले की या तक्रारी भाजीबरोबर एकमेकांच्या ताटात जात. मी नवीन होतो, ऐकत असे. भाऊंची तक्रार मात्र यातल्या कशातच बसत नसे.

“मले एक सांगा,” ते डबा न उघडताच म्हणायचे, “सकाळपासून साठ पट्ट्या बांधल्या. त्यातला एक तरी बरा झाला काय?”

“होतील ना भाऊ,” चौदा नंबरच्या सिस्टर म्हणायच्या.

“होतील नाई पुसलं मी. झाला काय, ते पुसून राह्यलो.”

“आता ते मला कसं कळणार?”

“तेच तं. तुमाले नाई कळत, मले नाई कळत, डॉक्टरले नाई कळत. मंग आपण करून काय राह्यलो?”

“जेवा आता. बोलणं पुरे.”

“जेवतो ना बाई. जेवण काऊन सोडू? जेवणाचं काय होते ते तं माहीत आहे.”

सगळे हसायचे. भाऊ हसत नसत. ते कोणाला हसवण्यासाठी बोलत नव्हते, हे मला बऱ्याच उशिरा समजलं.

त्यांची आधीची वीस वर्षं जंगलात, आलापल्लीच्या पुढे, सिरोंच्याच्या रस्त्यावरच्या एका लहान सरकारी दवाखान्यात गेली होती. तिथे एक डॉक्टर, एक सिस्टर आणि हे. मग वरून कसलीशी फेररचना झाली, ड्रेसरची माणसं मोठ्या दवाखान्यात हवीत असं ठरलं आणि त्यांना इकडे आणलं. लोकांनी त्यांचं अभिनंदन केलं होतं म्हणे. त्या बाजूनं या बाजूला येण्यासाठी माणसं काय काय खटपटी करतात, आणि याला न मागता मिळालं.

त्या बाजूबद्दल त्यांची एक सवय होती. चंद्रपूरहून सिरोंच्याची गाडी सकाळी साडेआठला सुटते. भाऊ दिवसभर काम करता करता त्या गाडीबरोबर जात. घड्याळाकडे न बघता मधूनच म्हणायचे, “कोठारी गेली.” समोरचा पेशंट दचकायचा. थोड्या वेळानं, “आता गोंडपिपरीत चहा घेऊन राह्यला असन ड्रायव्हर.” मग आष्टीचा पूल. पावसाळ्यात वैनगंगेला पूर असला की ते अस्वस्थ असत, कारण गाडी पुलाच्या अलीकडे थांबली असेल आणि त्यांनाही पुढे जाता येत नसे. साडेबाराच्या सुमाराला “आलापल्ली” म्हणत आणि हात धुवायला उठत. सिस्टर त्यावरून जेवणाची वेळ ओळखायच्या. एकदा गाडी रद्द झाल्याचं त्यांना कोणीतरी सांगितलं, तर दीड वाजला तरी ते उठले नाहीत.

खोली चौदाची रचना अशी होती की दारात सिस्टर केसपेपर बघत, आत डॉक्टर जखम बघत, आणि मग पेशंट उंच टेबलावर बसे. गर्दीमुळे टेबलाच्या मध्ये हिरवा पडदा लावला होता. पडद्याच्या अलीकडे, खाली स्टुलावर भाऊ. त्यांच्या बाजूला फक्त जखमेचा भाग येई.

“इथी माणूस नाई येत, बाबू,” ते मला म्हणाले होते. “पाय येते. हात येते. परवा एक कान आलता.”

म्हणून ते पडद्याखालून बोलत. पट्टी सोडण्याआधी विचारायचे, गाव कोणतं? घरी कोण कोण आहे? लागलं कसं? घरी कोणी नाही असं उत्तर आलं तर मग पाणी कोण आणते, हा पुढचा प्रश्न. रांग वाढायची. बाहेरून ओरडा व्हायचा. डॉक्टर पडद्यावरून वाकून म्हणायचे, “भाऊ, पट्टी बांधायची आहे, सोयरीक नाही जमवायची.”

“साहेब, पायाले पाणी लागू देऊ नको म्हणून सांगतलं अन् पाणी भरणारी हीच, तं माही पट्टी काय करन?”

डॉक्टर तोवर पुढचा केसपेपर हातात घेत. भाऊंच्या नावानं दोन मेमो निघाले होते. दोन्ही माझ्याच संगणकावर टाईप झाले. कारण : ‘रुग्णांशी अनावश्यक संभाषण’.

त्यांची पट्टीही वेगळी होती. गाठ जखमेवर कधी येत नसे, बाजूला असे, आणि टोकं आत दुमडून एक फास ठेवलेला असे. बिडीसाठी तेंदूपत्त्याचं पुडकं बांधतात तशी ती गाठ. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळं घर पुडकी बांधतं, त्यामुळे मी ती पाहताच ओळखली. एका हातानं ओढली की सुटते, आणि तोवर कितीही चाला, सुटत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “ज्याच्या दुसऱ्या हातात लेकरू आहे त्यानं कशी सोडावी?” दुसरे ड्रेसर चिकटपट्टी लावायचे. ते लवकर होतं.

एकदा प्रशासनानं कर्मचाऱ्यांना एक फॉर्म वाटला. तुम्ही कामावर समाधानी आहात का, असं दहा प्रकारे विचारलेलं होतं आणि प्रत्येक प्रश्नापुढे पाच चेहरे होते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. एकावर खूण करायची. बहुतेकांनी मधल्या चेहऱ्यावर खुणा केल्या. तो सुरक्षित होता. भाऊंचा फॉर्म माझ्याकडे आला तेव्हा पुढची बाजू कोरी होती. मागच्या बाजूला मोठ्या, सुट्या अक्षरांत यादी होती :

‘बल्लारपूरचा सुतार. उजव्या हाताची दोन बोटं. पोंभुर्ण्याकडची बाई, पाठ भाजलेली, संग लहान मुलगी. मूल गावचा म्हातारा, मांडीवर रानडुकराचा दात. शाळेचा मास्तर, टाच, साखरेचा आजार...’ अशी अकरा माणसं. खाली लिहिलं होतं : ‘वरील माणसांचं पुढे काय झाले ते कळवावे. मग समाधानाचं सांगतो.’

बडे बाबू, म्हणजे आमच्या शाखेचे मुख्य लिपिक, कागद बघून म्हणाले, “याच्यासाठी चेहरा कोणता लावायचा? लाव मधला.” मी मधला लावला. पण तो कागद फाडून टाकवला नाही. जेवणाच्या सुट्टीत मी नोंदणीच्या संगणकावर ती माणसं शोधायला लागलो. नावं नव्हती, गावं आणि जखमा होत्या. तीन आठवड्यांत अकरापैकी दोघं सापडली. मी खाली जाऊन सांगितलं. सुताराला घरी सोडलं. मास्तरांना नागपूरला पाठवलं.

भाऊंनी हातातली कात्री ठेवली. एवढं महत्त्व मला त्या इमारतीत दुसऱ्या कोणी दिलं नाही.

“सुताराचं बरं झालं,” ते म्हणाले. “पण मास्तरचं नाई सांगतलं तू.”

“नागपूरला पाठवलं ना भाऊ.”

“ते कुठी गेला ते झालं बाबू. काय झालं ते नाई झालं.”

मी अजूनही कधी उत्तरपत्रिकेत घाईनं काही लिहिलं की हे वाक्य आठवतं.

आता त्या बाईबद्दल लिहितो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे आहे. 

ती भाऊंच्या जुन्या दवाखान्याजवळच्या माडिया आदिवासींच्या एका गावातली होती. वय पन्नास असेल किंवा सत्तर. डाव्या पायाला बाहेरच्या अंगानं एक जुनी जखम होती. पूर्ण भरत नव्हती, आणि दर आठवड्याला नीट धुऊन पट्टी केली तर चिघळतही नव्हती. भाऊंनी नऊ वर्षं दर बाजाराच्या दिवशी ती पट्टी बदलली होती. भाऊ इकडे आल्यावर ती दवाखान्यात जायची थांबली, कारण तिथे पट्टी बांधणारं कोणी उरलं नव्हतं. काही महिन्यांनी जखम वाढली तेव्हा तिचा मुलगा तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात आला. भाऊंना शोधत. पण त्यांना भाऊंचं नाव माहीत नव्हतं. ‘पट्टीवाला’ एवढंच माहीत होतं. चौकशीच्या खिडकीत त्यांना विचारलं, कोणता विभाग? दोन दिवस ती दोघं आवारातल्या झाडाखाली बसून होती. तिसऱ्या दिवशी कोणीतरी केसपेपर काढून दिला आणि रांगेत उभं केलं.

मी त्या वेळी एका मेमोवर भाऊंची सही घ्यायला खोली चौदात गेलो होतो. पडद्याखालून एक पाय आला. भाऊ कापूस भिजवत होते. त्यांनी पायाकडे पाहिलं आणि उठून उभे राहिले. स्टूल मागे पडलं. त्यांनी तो पडदा, जो कधी कोणी सरकवला नव्हता, एका झटक्यात बाजूला केला.

“जोहार,” ते म्हणाले.

मग दोघं गोंडीत बोलायला लागली. मला गोंडी येत नाही. पण ते बोलणं नव्हतं, भांडण होतं. ती रागावली होती आणि भाऊ मान खाली घालून ऐकत होते. तिच्या उजव्या पायात चप्पल होती. डावी तिनं पिशवीतून काढून भाऊंना दाखवली. मुलगा आमच्याकडे बघून मराठीत म्हणाला, “ती म्हणून राह्यली, पाय बरा झाला का घालायची होती. या पट्टीवाल्यानंच घेऊन ठेवाले सांगतली होती.”

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि सांगितलं ते स्पष्ट होतं. दर आठवड्याला नीट ड्रेसिंग झालं नाही तर घोट्यावरून कापावा लागेल. बाईला दर आठवड्याला चार तासांची गाडी धरून येणं शक्य नव्हतं. भरती राहा म्हटलं तर तिनं मानेनंच नाही म्हटलं. ती भाऊंच्या हातून एक पट्टी बांधून घेऊन परत गेली.

त्यानंतर महिन्याभरानं विनंती बदल्यांचे फॉर्म निघाले. चौथ्या दिवशी भाऊ दुसऱ्या मजल्यावर आले. लिफ्टनं नव्हे, जिन्यानं. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघत नाहीत म्हणून ते तिच्यात बसत नसत. फॉर्म माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “बाबू, नीट टाकजो. मले दोनच वर्षं राह्यली.” मी हो म्हटलं. त्यांना जुन्या दवाखान्यात जायचं आहे हे तोंडी त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फॉर्मचा गठ्ठा मोठा होता. त्यांचा मी तेव्हा वाचलाही नाही.

त्या फॉर्मात दोन रकाने शेजारी होते : ‘सध्याचे ठिकाण’ आणि ‘विनंतीचे ठिकाण’. खूप जण ते उलटे भरायचे. आधी जिथे जायचं आहे ते लिहायचे, कारण डोक्यात तेच असे. शंभर फॉर्मांत पंधरा-वीस तरी असे निघाले. मी ते निळ्या पेननं एक बाण काढून दुरुस्त करायचो आणि मग संगणकात भरायचो. बडे बाबू म्हणायचे, “पोरगा हुशार आहे.” मला ते आवडायचं.

दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यात भाऊंचा फॉर्म वर आला. विनंतीच्या रकान्यात आलापल्लीच्या पुढचा तो दवाखाना. मला थोडं थांबावंसं वाटलं, हे खरं आहे. मी बडे बाबूंना विचारलं.

“स्वतःहून कोण जाते त्या बाजूनं?” ते मान वर न करता म्हणाले. “आजवर एक फॉर्म पाह्यला काय तसा? उलटं लिहिलं असन. सरळ कर.”

भाऊ दिवसभर सिरोंच्याच्या गाडीबरोबर जातात हे मला माहीत होतं. त्या बाईचा पाय मी पाहिला होता. खाली जाऊन विचारायला दोन जिने होते. तरीही मी बाण काढला. का, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. मला वाटतं, एवढ्या फॉर्मांत एकही माणूस त्या दिशेनं जात नव्हता, आणि सगळ्यांसारखं नसलेलं ते चूक, असं माझ्या हाताला वळण लागलं होतं. हे कारण आहे, सबब नाही.

हरकत असेल तर तीन दिवसांत कळवा म्हणून यादी फळ्यावर लागली. भाऊंनी ती पाहिली नाही. फळ्यासमोरून जाताना त्यांचं लक्ष लंगडणाऱ्या माणसांकडे असे.

मे महिन्यात ऑर्डर आली. भाऊंची विनंती मान्य झाली होती. आलापल्लीच्या पुढच्या दवाखान्यातून त्यांची बदली आमच्या मोठ्या दवाखान्यात करण्यात आली होती. म्हणजे जिथे ते होते तिथेच.

ते वर आले. कागद बडे बाबूंच्या टेबलावर ठेवला. बडे बाबूंनी फाईलमधून मूळ फॉर्म काढला, पाहिला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि फॉर्म परत फाईलमध्ये घातला. भाऊ टेबलापलीकडे उभे होते. त्यांना बाण दिसला की नाही, मला कळलं नाही.

“आता काही होत नाही भाऊ,” बडे बाबू म्हणाले. “विनंती मान्य झाली का तीन वर्षं दुसरा अर्ज घेता येत नाही.”

“मी तं दोन वर्षांत रिटायर होतो.”

“हो ना.”

मी उठून ‘ती चूक माझी आहे’ म्हणायला हवं होतं. माझं कंत्राट पुढच्या महिन्यात वाढणार होतं. मी संगणकाकडे बघत राहिलो.

भाऊ बराच वेळ कागद वाचत होते. मग म्हणाले, “बडे बाबू, याच्यावर माह्या कामाचं ठिकाण कोणतं लिहिलं आहे, वाचा बरं.”

बडे बाबूंनी वाचलं.

“अन् खाली काय लिहिलं?”

“सध्याच्या ठिकाणाहून कार्यमुक्त होऊन नवीन ठिकाणी रुजू व्हावे.”

“मंग मी तिथी आहो. मोठ्या सायबाच्या सहीनं आहो. तिथून मोकळं केल्याबिगर मी इथी रुजू होऊ कसा?”

“अजी भाऊ, तुम्ही माझ्यासमोर उभे आहा ना!”

“तुमाले दिसत असन. कागदात नाई. त्या झाडूवाल्या बायाबी रोज समोर राह्यते. मशीन मानते काय?”

बडे बाबू नियमाचे माणूस होते, आणि नियम भाऊंच्या बाजूनं होता. दुसऱ्या दिवशी भाऊ साडेआठच्या गाडीत बसले. खोली चौदाच्या सिस्टरांनी मला सांगितलं की त्या दिवशी साडेबारा वाजले तरी ‘आलापल्ली’ कोणी म्हटलं नाही आणि त्यांना जेवायचं सुचलं नाही.

ते तेरा दिवस गेले होते. तिथल्या डॉक्टरांना ड्रेसर नव्हताच, त्यांनी कार्यमुक्त करण्याची घाई केली नाही. इकडून फोन गेले. शेवटी एक पत्र आणि त्यावर गोल शिक्का घेऊन भाऊ परत आले, रीतसर रुजू झाले, आणि बडे बाबूंनी ते पत्र फाईलला लावलं. ज्या जागेवर ते नव्हते तिथून ते मोकळे झाल्याचं ते पत्र अजून तिथे असेल.

मी धीर करून खाली गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. ते पट्ट्या गुंडाळत होते.

“काय केलं भाऊ तेरा दिवस?”

“एका सुनेले पट्टी शिकवली,” ते म्हणाले. “त्या बाईची सून. हात चांगला आहे. पहिले दोन दिवस गाठ जखमेवरच आणे. मंग जमलं.”

“मग आता बरा होईल पाय?”

“मले काय माहीत?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मी इथी आहो.”

मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं नाही. पडद्याखालून एक हात आला, आणि भाऊंनी विचारलं, “गाव कोणतं?”

त्या वर्षी मी नोकरी सोडली आणि पुन्हा कॉलेजात नाव घातलं. भाऊ पुढे रिटायर झाले असतील, असा हिशेब मनात होता. कुठे गेले ते कोणालाच माहीत नव्हतं. एकदा खोली चौदात डोकावलो होतो. त्यांच्या जागी दुसरा माणूस होता आणि पडदा नवीन होता.

मागच्या उन्हाळ्यात आई गावातल्या बायांबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेली होती. दरवर्षी जाते. मी सुट्टीत घरी होतो. ती जीपमधून उतरली तेव्हा लंगडत होती. पायात काडी घुसून पाय सुजला होता, म्हणाली. पट्टी धुळीनं माखली होती. मी खाली बसलो आणि पाहिलं. गाठ बाजूला होती. टोकं आत दुमडलेली, आणि एक फास.

“हे कोणी बांधलं?”

“होता एक म्हातारा. सिरोंच्याकडून येताना रस्त्यात बाजार लागला, तिथी गाडी थांबली. सरकारी दवाखान्याच्या भिंतीबाहेर, झाडाखाली स्टूल टाकून बसून राह्यला होता. आत बसू देत नाई म्हणे आता. जखम पाहाच्या आधी मलेच पुसे, गाव कोणतं, घरी कोण आहे. मी म्हटलं, का बाप्पा, पट्टी बांधतं का सोयरीक जमवतं?”

आईनं पाय लांब केला.

“मी सांगतलं, एक पोरगा आहे, कॉलेजात शिकते, पहिले मोठ्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर होता. तं तो थांबला. हासला. म्हणे, त्याले सांगजा, बाण मी पाह्यला होता. अन् म्हणे, शिकते तं शिकू द्या, पण फॉर्म भरताना माणसाले पुसत जा म्हणा. कायचा बाण रे?”

“सांगतो,” मी म्हटलं. पण आधी मला दुसरं विचारायचं होतं. “आई, तुझ्याआधी तिथे कोणी बाई होती काय? म्हातारी? गोंडी बोलणारी?”

“होत्या ना, दोन-तीन होत्या. एक तं त्याच्यासंग भांडूनच राह्यली होती. तो आपला मान खाली घालून ऐके.”

“तिचे पाय...” मला नीट विचारता येईना. “दोन्ही पाय होते काय तिचे?”

“हे काय पुसणं झालं?” आई म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिनं आठवून पाहिलं. “होते. डाव्याले पट्टी होती, उजव्यात चप्पल. डावी चप्पल पिशवीत होती. जाताना काढून त्याले दाखवली, काय म्हणाली कोणास ठाऊक, अन् पुन्हा पिशवीत ठेवली.”